नफा आला तर खोडू नको

मारेगावात बशीरभाईचं दुकान शोधायला कोणाला विचारावं लागत नसे. बसस्टँडवरून वणीच्या रस्त्याला लागायचं आणि जिथून भांडणाचा आवाज येईल तिथं थांबायचं. भांडण असायचंच असं नाही, माणूस बोलायचाच तसा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देणं हा त्याचा धंदा. आणि मोटार जळाली म्हणून आधीच वैतागलेल्या माणसाला "मोटार आपोआप नाई जळत बाप्पा, तू जाळली" असं वरून ऐकवणं हा त्याचा स्वभाव. लोक ऐकून घ्यायचे, कारण हाताला गुण होता आणि मनात काही ठेवायचा नाही.

कापसाचे भाव पडले होते, ती ही वर्षं. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्या उभ्याच्या उभ्या, गावागावातून ऐकू नयेत अशा बातम्या, आणि वीज येईल तेव्हा येईल. आली तरी अर्धीमुर्धी. त्या अर्ध्या विजेवर मोटारी धडाधड जळायच्या, म्हणून बशीरभाईला मान वर करायला फुरसत नसे. पण त्याला घोर होता तो मोटारींचा नव्हता. तो होता माहनूरच्या गणिताचा.

माहनूर त्याची एकुलती एक पोरगी, नववीतून दहावीत चाललेली. शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची आणि बापाला भंडावून सोडायची. तार एवढीच जाड काहून, वेढे इतकेच काहून, कमी घेतले तर काय होते? तिला यवतमाळला तंत्रनिकेतनात विजेचा डिप्लोमा करायचा होता. त्यांच्या घरात पोरगी तर सोडाच, पोरगंही दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. बशीरभाईनं तर अख्ख्या मोहल्ल्यात सांगून टाकलेलं, "माही माहनूर इंजिनेर होनार." बोलून बसला होता बिचारा, आता मागं कसा फिरणार? आणि गणितात चांगले मार्क पडल्याशिवाय तंत्रनिकेतनाचं दार उघडत नव्हतं.

नववीच्या शेवटी गणिताच्या नागोराव सरांनी त्याला शाळेत बोलावून घेतलं आणि माहनूरचा पेपर पुढं ठेवला.

"बशीरभाई, तुमच्या पोरीला समीकरण द्या, भूमिती द्या, सटासट सोडवते. पण शाब्दिक उदाहरण आलं की बोंब. गणित व्यवहारात वापरायची वेळ आली की अडते. हे वाचा."

बशीरभाईनं चष्मा लावला. प्रश्न असा होता: वरचा नळ टाकी सहा तासांत भरतो, तळाचा नळ तीच टाकी नऊ तासांत रिकामी करतो, दोन्ही एकदम चालू ठेवले तर टाकी किती वेळात भरेल? त्याखाली माहनूरनं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'तळाचा नळ आधी बंद करावा. बंद होत नसल्यास वायसर बदलावा. मग टाकी सहा तासांत भरेल.'

बशीरभाईनं ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"मंग? बरोबरच तं हाय."

"शून्य दिलंय मी."

"काहून? खालून पानी जाऊन राह्यलं न् हा वरून भरून राह्यला, मानूस हाय का कोन? असा मानूस माह्या दुकानात आला असता तं त्याले—"

सर हसले, पण हसता हसता मान हलवली. "तुमच्या दुकानात चालेल हो. बोर्डाच्या पेपरात असं लिहिलं तर तंत्रनिकेतन विसरा. उत्तर अठरा तास आहे. माझ्या वर्गात सत्तर पोरं, एकेकाजवळ बसायला मला कुठली सवड? तुम्ही तिच्यासाठी सरावाचं काहीतरी साहित्य बघा."

बशीरभाई बाहेर पडला तो सगळा रस्ता टाकीवाल्याला शिव्या घालत. पण घर आलं तशा शिव्या थांबल्या. उत्तर त्यालाही वायसरच वाटत होतं ना! पोरगी बापावर गेली होती, आणि आता तेच नडत होतं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. दहावीची पुस्तकं सहसा कोणी नवी घेत नाही. मार्चची परीक्षा संपली की पोरं आपली पुस्तकं खालच्या वर्गातल्यांना अर्ध्या किमतीत देतात, आणि ती आधीपासून बोलून ठेवावी लागतात. पहिल्या नंबरच्या पोराची पुस्तकं तर दिवाळीतच बोलून ठेवलेली असतात. त्याचा हात लागलेला असतो ना त्यांना! ती घरात आली की अर्धी विद्या आली, असं सारे धरून चालतात. आणि नापासाची पुस्तकं? ती कोणी फुकट घेत नाही. उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. ती सरळ रद्दीत जातात, भज्याच्या पुडीला.

बशीरभाईनं पुंडलिकरावांच्या अमरची पुस्तकं बोलून ठेवली होती. अमर शाळेत पहिला, त्यामुळे बशीरभाई निर्धास्त होता. अशात एप्रिलच्या एका दुपारी भागीरथा दुकानात आली.

भागीरथा म्हणजे बबनराव आणि इंदूबाईची पोरगी. गावाला लागूनच त्यांचं वावर, कापूस न् तूर. पोरगी शांत, कामाची, शिवणाच्या क्लासात माहनूरची मैत्रीण झालेली. पण दहावीच्या गणिताला बसली की नापास, बसली की नापास. मार्च झाला, ऑक्टोबर झाला, पुन्हा मार्च, पुन्हा ऑक्टोबर. शेवटी तिनं बसणंच सोडून दिलं होतं. तिच्या हातात कापडी पिशवी होती.

"चाचा, हे माहनूरले द्या. पैसे नको. गणिताची सारी पुस्तकं हायेत, मागले पेपरबी हायेत."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी, आणि चार माणसं दिसली की बशीरभाईची जीभ सैल सुटायची. "वा वा! नापासाची पुस्तकं घरात आनतो न् पोरीलेबी नापास करतो! ने बाप्पा, कलीमले दे, त्याच्या भज्याले कामी येतीन."

माणसं खो खो हसली. भागीरथानं पिशवी उचलली, पदर नीट केला आणि निघून गेली.

आता सांगा, काय गरज होती? घ्यायची नव्हती तर नको म्हणायचं, संपलं. पण नाही, याला चार माणसांत शहाणपण दाखवायचं. मागच्या खोलीत माहनूरनं सारं ऐकलं होतं. तिनं बापाशी बोलणं टाकलं. जेवताना भाकर मागायची ती आईकडे, पाणी मागायची तेही आईकडे. अस्मानं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्यापुढं ताट आदळून म्हणाली, "दुनियेचे नळ दुरुस्त करता, पैले आपल्या जबानीले वायसर लावा." बशीरभाईनं भाकर मोडली. चुकलं हे त्याला तेव्हाच कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

पुढं अमरची पुस्तकं आली. खाकी कव्हरं, वर नाव, आतली पानं कडक. माहनूरनं गणिताचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. पेन्सिलीची एक रेघ नाही, कुठं कोपरा मुडपलेला नाही. बशीरभाई तडक अमरकडे गेला.

"काय बे, पुस्तक उघडलं होतं का नाई?"

अमर सरळ पोरगा. म्हणाला, "नाई चाचा. वणीले क्लास होता. सरनं गणितं लिहून दिली, मी पाठ केली."

"गणित पाठ केलं? आन आकडे बदलून आले असते तं?"

"नाई आले ना!" असं म्हणून अमर मोकळेपणी हसला. त्याच्यावर रागवावं तरी कसं? बशीरभाई परत आला.

मग त्यानं यवतमाळ गाठलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन ऐटीत म्हणाला, "तंत्रनिकेतनात शिकवते ते व्यवहारातलं गनित द्या, जे सगळ्यात मोठं असन ते." दुकानदारानं उशीएवढं इंग्रजी पुस्तक काढून दिलं. उपयोजित गणित! बशीरभाईनं ते एस.टी.त मांडीवर घेऊन मारेगावपर्यंत आणलं, शेजारच्याला हात लावू दिला नाही. माहनूरनं उघडलं तर पानापानावर एक उभी वाकडी खूण, विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखी.

"अब्बा, हे दहावीचं नाई. डिप्लोमाच्याबी पुढचं हाय."

पोरगी बोलली हेच त्याला खूप वाटलं. "असू दे, पुढं कामी येईन," तो म्हणाला. अस्मानं ते लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलं.

शाळा सुरू झाली, पहिली चाचणी झाली, आणि शाब्दिक उदाहरणांत माहनूरला पुन्हा भोपळा मिळाला. या वेळी प्रश्न होता भिंतीला टेकवलेल्या शिडीचा, आणि पोरीनं लिहिलं होतं की एवढ्या तिरप्या शिडीवर चढू नये, घसरेल. ती घरी येऊन रडली. "मले येतेच नाई अब्बा. मी वाचते तं मले ते मानूसच दिसते, आकडे दिसतच नाईत. राहू द्या तंत्रनिकेतन." तिला रडताना पाहून बशीरभाईला काही सुचेना. जळालेली मोटार समोर ठेवली असती तर त्यानं उघडली असती. पोरीचं काय उघडणार?

तो नागोराव सरांच्या घरी गेला. सर चहा घेत होते. सगळं ऐकून म्हणाले, "बबनरावांच्या भागीरथेकडे पाठवा तिला."

बशीरभाईचा चेहरा उतरला. "सर, ती तं नापास—"

"म्हणूनच सांगतोय. मला गणित पहिल्या फटक्यात यायचं, म्हणून पोरं कुठं अडखळतात ते मला दिसत नाही. ती प्रत्येक ठिकाणी अडखळलीय. आणि येतं तिला सगळं, फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये हात गळतात. चहा घ्या."

त्या चहाची चव बशीरभाईला लागली नाही.

दुसऱ्या दिवशी लुना काढून तो बबनरावांच्या वावरात गेला. भागीरथा आणि इंदूबाई निंदत होत्या. तिला पाहिल्यावर याचा आवाज गेला. आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं ते कळेना, म्हणून गडी सरळ विहिरीवर गेला. मोटार घरघरत होती. खोलली, साफ केली, एक तार सैल होती ती आवळली, पुन्हा बसवली. इंदूबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बघत राहिली.

"काहो बशीरभाऊ, मोटार तं चांगली चालू होती. कायले खोलली?"

बशीरभाईनं हात पुसले. "इंदूबाई, मोटारीचा बहाना हाय. बेटा भागीरथा, इकडे ये. त्या दिवशी चार लोकात म्या तुले बोललो. मोठी चूक झाली माह्या हातून. मले लाज वाटते तुह्याकडे पाहाले. माहनूरले शिकवशीन का?"

भागीरथा खुरपं हातात घेऊन उभी होती. तिनं खुरप्याची माती झाडली. मग म्हणाली, "शिकवीन. माहनूरचा काय गुन्हा? पन चाचा, पुस्तकं नाईत आता."

"काहून?"

"तुमीच म्हनलं ना, कलीमले दे. मी दिली."

बशीरभाईनं लुना अशी पळवली की वाटेतली कोंबडी उडून कुंपणावर बसली. कलीम बसस्टँडसमोर भजी तळत होता.

"कलीम! ती पुस्तकं!"

"कोन्ती? भागीरथाची? अर्धी गेली, भाईजान. भूमिती कालच संपली. बीजगनित उरलं हाय, थे बी मिरचीभज्याले चालू केलं आज."

बशीरभाईनं उरलं होतं तेवढं छातीशी धरलं. वरच्या पेपरावर तेलाचे डाग पडलेले, त्यातून आकडे आणखी ठळक दिसत होते. बाकावर बसून भजी खाणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात त्यानं नवीन कागद दिला आणि त्याची पुडी हिसकून घेतली. म्हातारा बघतच राहिला. पुढं कितीतरी दिवस बशीरभाई त्या बाकांभोवती घिरट्या घालायचा, टाकून दिलेल्या एखाद्या जुन्या पुडीवर त्रिकोण दिसतो का ते बघत. कधी मिळायचा, कधी नाही. अस्मा म्हणायची, "पेपरासाठी जाता का भज्यासाठी, खरं सांगा." खरं सांगायचं तर दोन्हीसाठी.

अशी शिकवणी सुरू झाली. निंदण आटोपलं की भागीरथा दुपारी यायची, दुकानाच्या मागच्या खोलीत दोघी बसायच्या. मधल्या दाराला पडदा, त्यामुळे समोर तार गुंडाळणाऱ्या बशीरभाईला सारं ऐकू यायचं. पहिल्याच दिवशी भागीरथानं तो टाकीचा प्रश्न काढला.

"वाच. मोठ्यानं वाच. आता सांग, तुले काय वाटते?"

"खालचा नळ बंद करा."

"मलेबी तसंच वाटे. आता मले सांग, लंगडी खेळतो तवा दुसरा पाय असते का नाई आपल्याले?"

"असते ना."

"मंग टेकत काहून नाई?"

माहनूर हसली. "टेकला तं आउट."

"तसंच हे. नळ बंद होते हे तुले ठाऊक हाय, मले ठाऊक हाय. पन खेळ असा ठरला का बंद नाई कराचा. बंद केला का आउट. गनिताशी वाद नाई घालाचा माहनूर, ते म्हनन ते मानाचं न् खेळाचं. खेळ झाला का मंग टेक पाय."

पडद्याच्या अलीकडे बशीरभाईचा हात थांबला. वेढे मोजता मोजता चुकला तो, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. पण राग आला नाही. उलट त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं आतल्या दोघींसाठी चहा मागवला, आणि चहा घेऊन आत जाऊन म्हणाला, "पन काही म्हना, वायसर बदलला असता तं—"

"चाचा, आउट!" दोघी एकदम ओरडल्या. त्याला बाहेर जावं लागलं.

हळूहळू पोरीची गाडी रुळावर आली. मग दोघी स्वतःच उदाहरणं बनवायला लागल्या. वणीहून निघालेली एस.टी. आणि मारेगावहून निघालेली बशीरभाईची लुना कुठं भेटतील? लुना वाटेत बंद पडत नाही असं मानायचं, हे भागीरथा आवर्जून सांगायची. बशीरभाईला पडद्याआडून ते झोंबायचं. पण माहनूर उत्तर काढायची आणि ते बरोबर असायचं.

एक दिवस शेतीचं उदाहरण निघालं. शेतकऱ्यानं अमुक खर्च केला, अमुक कापूस झाला, अमुक भावानं विकला, नफा किती? माहनूरनं पटापट सोडवून नफा काढला. भागीरथा त्या आकड्याकडे बघत राहिली.

"ताई, चुकलं का?"

"नाई. बरोबर हाय." तिनं वही मिटली. मग सावकाश म्हणाली, "मी हे पेपरात बरोबर करो, माहनूर. पैल्यांदा बरोबरच येई. पन नफा आला का मले वाटे, आपलंच चुकलं असन. कापसात नफा? आमच्या बाबाले म्या कवा नफा झालेला पाह्यला नाई. मंग मी खोडून टाको. पुन्हा कराची, पुन्हा नफाच येई. पुन्हा खोडो. शेवटी तोटा लिहून देओ. न् एकदा एक खोडलं का मंग सारंच चुकल्यासारखं वाटे. हात कापे."

बशीरभाईच्या हातातली तार खाली पडली. त्याच्या दुकानात वर्षभर तोट्याचीच माणसं येत होती. त्यांचं दुःख त्यानं ऐकलं होतं, त्यांच्यावर ओरडला होता, हातातलं काम सोडून त्यांच्या पाठीवर हातही ठेवला होता. पण हे दुःख पोरीच्या उत्तरपत्रिकेत जाऊन बसेल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तो पडद्याकडे पाठ करून डोळे पुसत बसला.

आत माहनूर म्हणाली, "ताई, तूबी बस ना यंदा."

"नाई वो. बस झालं माहं."

"तू मले म्हनतेस वाद घालू नको न् तू काय करून राह्यली? पेपर म्हनते नफा, तू म्हनते तोटा. हा वाद नाई तं काय हाय? तू बसशीन तं मी बसते. नाई तं राह्यलं तंत्रनिकेतन."

पोरगी बापावर गेली होती हे या वेळी कामी आलं. एकदा बोलून बसली की हटायची नाही. भागीरथानं आधी हसण्यावारी नेलं, मग रागवली, मग घरी जाऊन आईला सांगितलं. इंदूबाईनं दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत नेऊन फॉर्म भरायला लावला. बशीरभाईला आता दोन पोरींची काळजी लागली, आणि खरं सांगतो, माहनूरपेक्षा भागीरथाची जास्त. माहनूर नापास झाली असती तर लोक म्हणाले असते, पुढच्या वेळी होईल. भागीरथा पुन्हा नापास झाली असती तर काय म्हणाले असते, हे बशीरभाईनं स्वतःच चार माणसांत बोलून दाखवलं होतं.

मार्च आला. गणिताच्या पेपराच्या दिवशी दोघी त्याच्याच लुनावर, एक पुढं उभी, एक मागं बसलेली, अशा परीक्षेच्या शाळेत पोचल्या. फाटकाशी गर्दी होती. आईबाप पोरांना दहीसाखर भरवत होते. माहनूर मैत्रिणींत शिरली. भागीरथा फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली.

बशीरभाई तिच्याजवळ गेला. "बेटा, माह्याकडे पाह्य. येकच सांगतो. नफा आला तं खोडू नको."

"आन चुकला असला तं, चाचा?"

"चुकू दे. चुकला तं चुकला, पन खोडू नको. तुह्या बापाले नाई झाला नफा, गावात कोनाले नाई झाला, थ्या कागदावर तं होऊ दे."

ती हसली, का रडली, ते त्याला कळलं नाही. घंटा झाली आणि ती आत गेली. बशीरभाई फाटकाबाहेर उन्हात उभा राहिला. दुकानावर माणसं येऊन परत जात होती, पण त्याला तिथून हलवेना. दोघी बाहेर आल्यावरही त्यानं पेपर कसा गेला हे विचारलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. बसस्टँडजवळ जमीरनं नुकतंच इंटरनेटचं दुकान टाकलं होतं. तिथं ही गर्दी! बशीरभाई दोन्ही नंबर लिहिलेली चिठ्ठी मुठीत धरून सकाळपासून रांगेत. माहनूर शेजारी उभी. भागीरथा आली नव्हती. "मी लय वेळा पाह्यला निकाल, आता नाई पाहात," असं म्हणून ती सरकीचे दाणे मातीत टोबायला वावरात निघून गेली होती.

जमीरनं माहनूरचा नंबर घातला. पास, आणि गणितात असे मार्क की जमीरनं मागं वळून पोरीकडे पाहिलं. माहनूर बापाच्या गळ्यात पडली. तंत्रनिकेतनाचं दार उघडलं होतं. बशीरभाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण नजर जमीरच्या बोटांवर होती.

"दुसरा घाल. घाल ना लवकर!"

"थांबा चाचा, लाइन स्लो हाय."

संगणकाचा पडदा पांढरा. बशीरभाईनं अल्लाचं नाव घेतलं. मग अक्षरं वरून खाली एकेक ओळीनं उतरायला लागली. नाव आलं. आईचं नाव आलं. आणि खाली कोपऱ्यात एक शब्द आला. तो वाचला आणि बशीरभाई उठला, रांगेतल्या माणसांना ढकलत बाहेर पडला. "अब्बा, थांबा, मार्क—" माहनूर ओरडत होती. लुना सुरू होऊन निघूनही गेली होती.

वावरात दहाबारा बाया ओळीनं सरकी टोबत होत्या. भागीरथाला लुनाचा आवाज ओळखू आला, पण तिनं मान वर केली नाही. पुढचा खड्डा केला, दाणे टाकले, माती लोटली.

"भागीरथा!" बशीरभाई धुऱ्यावरून ओरडला. दम लागला होता. "पास!"

"माहनूर पास होनारच होती," ती खाली बघतच म्हणाली.

"माहनूर झाली. पन तू! तू पास झाली, माय, तू!"

ती उठली. हातातली सरकीची ओटी सुटून मातीत सांडली. "काय म्हनलं?"

"पास. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं, पास!"

ती चालत धुऱ्यापर्यंत आली. "गनितात किती पडले, चाचा?"

बशीरभाईनं ते पाहिलंच नव्हतं. एवढा रांगेत उभा राहिला आणि तो एक शब्द वाचून पळत सुटला होता. "हे पाह्य आता! पाह्यलेच नाई वो म्या. थांब, जातो न् पाहून येतो."

त्यानं लुना वळवली. भागीरथानं पुढं होऊन हँडल धरलं.

"नका जाऊ."

"पन मार्क—"

"असू द्या मार्क." तिचे डोळे वाहत होते, पुसायचं तिला सुचत नव्हतं. मागं वळून तिनं हाक मारली, "आई, इकडे ये वो! साऱ्याच या इकडे!" बाया कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग एकेक करून धुऱ्याजवळ आल्या. इंदूबाई सगळ्यांच्या पुढं होती.

"चाचा," भागीरथा म्हणाली, "आता पुन्हा सांगा."

बशीरभाईनं सगळ्यांसमोर सांगितलं. इंदूबाईनं पुन्हा सांगायला लावलं, तेव्हा त्यानं पुन्हा सांगितलं.